पेनस्टँडच्या बुडाला नाव

२७ जुलै, शुक्रवार. आषाढ पौर्णिमा. संध्याकाळी.

वर्षावास सुरू. विहारात पांढरी साडी नेसून त्रिसरण-पंचशील घेतलं. परत येताना वाटेत तीन संकल्प केले. एक, तीन महिने कशाचीही आसक्ती ठेवायची नाही. दोन, नावाची हाव धरायची नाही. तीन, सुनेच्या कामात बोट घालायचं नाही.

तिसरा सगळ्यात सोपा. मी आजवर कधी घातलेलंच नाही.

हे लिहायला पेन शोधावा लागला नाही. घरात पेन एकच आहे, तो मी कॅलेंडरच्या खिळ्याला दोरीने बांधला आहे. दोरी खाटेपर्यंत पोहोचते. विनोद म्हणतो, "आई, दुसरा घेऊन ठेव ना वं." दुसरा कशाला? माणूस लिहितो एकाच हाताने.

२९ जुलै, रविवार.

मनालीला नागपूरची ऑर्डर आली. सूनबाई डिझायनिंग शिकलेली. पितळ आणि काचेच्या वस्तू आधी कागदावर काढते, मग इथल्या कारागिरांकडून ठोकून घेते आणि फोनवर फोटो टाकून विकते. आता चाळीस टेबल-सेट हवे आहेत. नागपूरला रिता मॅडमचं भेटवस्तूंचं दुकान आहे, त्या पुढे कुठल्याशा सरकारी परिषदेत साहेब लोकांना द्यायला पुरवणार. एका सेटमध्ये पितळी पेनस्टँड, काचेचं पेपरवेट आणि व्हिजिटिंग कार्डाची तबकडी.

जेवताना मनाली म्हणाली, "आई, ही ऑर्डर नीट गेली ना, तर दिवाळीचं कामही आपल्यालाच. मग इथेच शेड घेऊ भाड्याने. विनोद पुण्याच्या बदलीचा अर्ज मागे घेईल." आणि नीट नाही गेली तर? "तर मग पुणे."

मी म्हटलं, मले काय, पाखरं उडायचीच. मी वर्षावासात आहे.

विनोदचे बाबा म्हणाले, "वरणात मीठ दोन डाव पडलं." मिठाचा याच्याशी काही संबंध नाही.

१ ऑगस्ट, बुधवार.

नमुन्याचा सेट पाहिला. पेनस्टँडला बारा भोकं. बारा पेन कोणाकडे असतात? चोराकडे.

पेपरवेट म्हणजे काचेचा गोळा, आत एक बुडबुडा. कायले, म्हणून विचारलं. कागद उडू नये म्हणून, म्हणाली. पंखा बंद केला तर कागद उडत नाही, वीजही वाचते. पण बोलले नाही. संकल्प क्रमांक तीन. फक्त यांना सांगितलं, तेही मनाली स्वयंपाकघरात असताना, थोडं मोठ्याने.

दिवाणखान्यात तिची एक काचेची फुलदाणीही आहे. तिच्यात एकच फूल मावतं. ही मात्र मला आवडली. खर्च नाही.

३ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी.

नमुन्याचा पेनस्टँड काळा पडला होता. नवीन वस्तू आणि हे हाल. भंडाऱ्याचं पितळ असं नागपूरला गेलं तर गावाचं नाक काय राहील? मनाली झोपली होती. चिंच, मीठ आणि राख घेऊन तासभर घासला. सोन्यासारखा झाला. हे काम नव्हे, हे दान. दानात बोट घालणं येत नाही.

तीच, रात्री.

मनालीने पाहिला. दिव्याखाली नेऊन फिरवला. मग म्हणाली, "आई, हा काळेपणा मुद्दाम आणला होता. अँटिक फिनिश म्हणतात. चार दिवस लागतात त्याला."

काळं करायला मजुरी द्यायची! माझ्या वेळी भांडी काळी पडली की सासू बोलायची, इथे काळी पडत नाहीत म्हणून सून बोलते.

शेवटी म्हणाली, "आई, तुम्ही असं करा, तुम्ही फक्त पॅकिंग बघा."

म्हणजे पॅकिंग विभाग माझ्याकडे आला. एका दिवसात बढती.

९ ऑगस्ट, गुरुवार.

विहारात ग्रंथवाचन. गेल्या वर्षी महिला मंडळाने पंखा दान दिला, त्याच्या एका पात्यावर माझं नाव रंगवलेलं आहे. मी सांगितलं नव्हतं. मी फक्त पेंटरला नाव नीट लिहून दिलं होतं. पंखा सुरू असला की नाव दिसत नाही. म्हणून वाचन संपलं की बंद करायला मी स्वतः उठते. सेवा.

शेजारची कलाबाई आज सगळ्यांसमोर म्हणाली, "मंगलाबाई, बसा ना वो. तुमचं नाव फिरू द्या जरासं, गरमी होऊन राहिली." बायका हसल्या. कलाबाईचं नाव विहाराच्या दरवाज्यावर आहे, म्हणून तिला पंख्याचं दुःख कळत नाही.

१७ ऑगस्ट, शुक्रवार.

विनोदने अर्ज मागे घेतला का, ते विचारलं नाही. आसक्ती दिसली असती. यांना विचारायला लावलं. हे म्हणाले, "तुले पाहिजे तर तूच विचार." मग मी विचारलं नाही आणि त्यांना चहाही दिला नाही.

रात्री ते दोघे फोनवर पुण्याचे फ्लॅट पाहत होते. मी पाणी प्यायला उठले होते. तीनदा उठले. तहान फार लागते आजकाल.

२६ ऑगस्ट, रविवार. श्रावण पौर्णिमा.

आज माळ्यावरून माझा लग्नातला पाणी भरायचा पितळी गुंड काढला. त्यावर आमच्या बाबांनी मशीनने नाव टाकून घेतलं होतं, खाली गाव, खाली 'जि. भंडारा'. गाव तिरोड्याजवळचं. पुढे जिल्हा फुटला, गाव गोंदियात गेलं. नकाशा बदलला, बसच्या पाट्या बदलल्या, गुंड मात्र अजून भंडारा जिल्ह्यातच आहे.

म्हणजे कोरलेलं सरकारलाही हलवता येत नाही.

ज्या वस्तूवर नाव नाही ती लग्नाच्या पंगतीतून दुसऱ्याच्या घरी जाते. आमच्या घरी चमच्यालासुद्धा नाव आहे. आणि मनालीच्या चाळीस पेनस्टँडवर? काहीच नाही. ना तिचं नाव, ना गाव. मग ती पुण्याला जाणार नाही तर काय होणार?

बोट घालायचं नाही. फक्त विचार लिहून ठेवला.

४ सप्टेंबर, मंगळवार.

मनाली दोन दिवस नागपूरला, काचेचे गोळे आणायला. पितळेचा सगळा माल घरात, माझ्या पॅकिंग विभागात. (या वेळी काळेपणाला हात लावला नाही. मी शिकते.)

चाळीस पेनस्टँड दोन पिशव्यांत भरून रिक्षाने भोजराज भांडेवाल्याकडे. त्याच्या दुकानावर पाटी आहे, 'खरेदीवर नाव मोफत'. मी एक चमचा खरेदी केला.

भोजराज म्हणाला, "काकू, चमचा एक अन् नावं चाळीस? हा कोन्या गावचा कायदा?"

पाटीवर किती नावं ते लिहिलेलं नाही, मी दाखवलं. त्याने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मशीन सुरू केली.

मी मजकूर सांगितला, 'मनाली विनोद टेंभुर्णे, रा. भंडारा'. 'रा.' ठळक, हेही सांगितलं. 'रा.' म्हणजे राहणार. एकदा कोरलं की राहणार.

तर तो म्हणाला, "असं नसते काकू. लोकाईले द्याची वस्तू हाय ना? मंग घरातल्या मोठ्याचं नाव येते, अन् खाली सप्रेम भेट. मी तीस वर्सं झाले हेच लिवून राहिलो. माहा हात दुसरं लिवतच नाई."

मी नको म्हटलं. त्याने ऐकलं नाही, कारण मी हळू म्हटलं.

प्रत्येकाच्या बुडाला आता असं आहे: 'आयु. मंगलाबाई बाबुलाल टेंभुर्णे, रा. भंडारा, यांचेकडून सप्रेम भेट.' त्याने आधी 'सौ.' घातलं होतं, ते मी बदलून आयुष्मतीचं 'आयु.' करायला लावलं. चुकीचं नाव गेलेलं मला चालत नाही. खाली थोडी जागा उरली होती. वाया कशाला घालवायची, म्हणून मोबाईल नंबर टाकला.

८ सप्टेंबर, शनिवार.

माल गेला. मनालीने पेनस्टँड वरून तपासले. वस्तू वरूनच बघायची असते, तिचीच शिकवण. पॅकिंग मी केलं, वर्तमानपत्रात, घट्ट. मनालीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, तुमच्यामुळे वेळेवर झालं."

सांगावं का, असं क्षणभर वाटलं. पण पंचशीलात खोटं बोलू नये एवढंच आहे. न विचारलेलं सांगावं असं कुठे आहे?

विनोदही पुढच्या आठवड्यात नागपूरला जाणार, त्याच्या खात्याची कसलीशी परिषद आहे. पाण्याच्या बाटल्या वाटायची ड्युटी. मी जास्त विचारलं नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १२.

आजचा दिवस अक्षरांनी लिहावा असा. (सगळेच दिवस अक्षरांनी लिहिते, पण हा खास.)

नागपूरहून फोन आला. भारदस्त आवाज. "मंगलाबाई टेंभुर्णे आपणच का?" मी म्हटलं, हो जी. "पेनस्टँड आपणच पाठवले?" मी म्हटलं, सप्रेम. मागे मोठा हॉल असावा, पण एकदम चिडीचूप. आदर असणार.

मग म्हणाले, "आपलं आमच्याकडे काही काम आहे का?"

किती मोठी माणसं! मी म्हटलं, काम काही नाही जी. पण सरकारी माणूस भेटला की मुलाचा विषय काढायचा, हा माझा नियम. म्हणून म्हटलं, "फक्त माझ्या मुलाची ती पुण्याची बदली तेवढी..." होऊ देऊ नका, असं म्हणणार होते, तर ते म्हणाले, "समजलं," आणि ठेवला.

अर्ध्या वाक्यात समजलं. म्हणून तर साहेब झाले.

कलाबाईला सांगून आले. हाव म्हणून नाही, तिला आनंद व्हावा म्हणून. ती म्हणाली, "हो का बाप्पा." तिला झाला नाही.

१९ सप्टेंबर, बुधवार.

विनोद परत आला. बूट घालूनच खाटेवर बसला. पाणी दिलं तर म्हणाला, पाणी नको, दोन दिवस पाणीच वाटलं.

मग बोलला. जसं बोलला तसं लिहिते. "आई, तो माल आमच्याच खात्याच्या परिषदेत आला वं. मोठ्या साहेबानं पेनस्टँड उलटा केला. वाचलं. मंग बाजूच्यानं आपला उलटा केला. मंग चाळीसच्या चाळीस साहेब पेनस्टँड उलटे धरून बसले, अन् मी बाटल्या घेऊन मधात उभा. कोनी तरी विचारलं, टेंभुर्णे, ह्या मंगलाबाई कोन? मी सांगतलं, आई आहे साहेब."

मी म्हटलं, मग?

"मग काय? त्यायनं फोन लावला. स्पीकरवर."

म्हणजे चाळीसही जणांनी माझा आवाज ऐकला. मी म्हटलं, आवाज नीट आला का? विनोद उठून गच्चीवर गेला.

पोराला आईचं कौतुक सहन होत नाही. हे पहिल्यापासूनच आहे.

२० सप्टेंबर, गुरुवार.

यांनी समजावून सांगितलं, दोनदा. साहेबांना असं वाटलं म्हणे की क्लार्कच्या आईने मुलाची बदली करून घ्यायला चाळीस साहेबांना वस्तू चारल्या. वस्तू त्यांच्याच कार्यालयाने विकत घेतल्या होत्या, पण बुडाला 'सप्रेम भेट' म्हटल्यावर भेट. भेट घेतली की नोकरीवर येतं. म्हणून सगळ्यांनी सह्या करून परत केल्या. विनोदला खुलासा मागितला आहे.

मी म्हटलं, पण मी तर पुण्याला करू नका म्हणणार होते!

हे पेपरातलं कोडं सोडवत होते. पेन्सिल कानाला लावून म्हणाले, "तुह्या नावाचा एवढा प्रचार निवडनुकीतही नाई झाला कोनाचा."

विनोदच्या खुलाशात दोन ओळी मी सुचवल्या. एक, आमच्या घरी चमच्यालाही नाव आहे. दोन, चमचा सोबत जोडला आहे. त्याने दोन्ही घेतल्या नाहीत.

२५ सप्टेंबर, मंगळवार. भाद्रपद पौर्णिमा.

रिता मॅडमने चाळीसही सेट परत पाठवले. दिवाळीचं काम दुसऱ्या कोणाला दिलं म्हणे. खोकी दिवाणखान्यात. मनाली खोक्यांच्या मध्ये बसली, एकेक पेनस्टँड उलटा करत गेली. बाराव्या-तेराव्याला हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मी विचारलं, काय झालं वं बाई? म्हणाली, "काही नाही आई. मोबाईल नंबरसुद्धा टाकला तुम्ही."

जागा उरली होती, मी सांगितलं.

चिंच आणि राख घेऊन नाव घासायला बसले. दोन तास. काळेपणा पूर्ण गेला, सोन्यासारखं पितळ निघालं, आणि नाव आणखी स्पष्ट झालं. कोरलेलं पक्कं असतं. हे मी आधीच लिहून ठेवलं आहे.

३ ऑक्टोबर, बुधवार.

ऑर्डर आली. पुण्याचा अर्ज नामंजूर.

हे वाचून मी घरात साखर वाटली. म्हणजे, यांना दिली. पुणे नाही! कोणाच्या नावामुळे? मी काही म्हणत नाही. संकल्प क्रमांक दोन.

कागदावर खाली आणखी एक ओळ होती. विनोदला नाकाडोंगरीला टाकलं आहे.

हे म्हणाले, "तिकडं जंगल हाय अन् खदानी हायेत. तिथं कोनी पेनस्टँड पाठवत नाई."

पण जिल्हा भंडाराच. मी पेनस्टँडवर कोरलं तेच खरं झालं, फक्त 'रा.'च्या जागी 'जि.' टाकायला हवं होतं. रोज येणं-जाणं करेल पोरगा. तुमसरपर्यंत बस, पुढे बस. काय कठीण आहे?

७ ऑक्टोबर, रविवार.

रोज येणं-जाणं होत नाही म्हणे. तिथेच खोली पाहिली. मनालीही जाणार. "जागा मोठी आहे, आई," म्हणाली, "अंगण आहे, ठोकाठोकीचा आवाज झाला तरी कोणी काही म्हणणार नाही. काम नव्याने सुरू करते."

मी म्हटलं, चांगलंच झालं. मी येत जाईन महिन्यातून, पॅकिंगला.

मनालीने माझ्या पदराची चुणी सरळ केली. हळूच म्हणाली, "तिथे पॅकिंग मी बघून घेईन, आई."

हळू म्हटलेलं मी ऐकत नाही. पण हे ऐकू आलं.

१४ ऑक्टोबर, रविवार.

सेटचं काय करायचं? मी ठरवलं, पुढच्या सगळ्या लग्नांचा आहेर झाला. नाव आधीच टाकलेलं, वेगळी मेहनत नाही. पहिला सेट कलाबाईच्या पुतणीला नेला. कलाबाईने उलटा करून वाचला, म्हणाली, "हा तोच का वो, साहेबलोकाईनं वापस केलेला?" आणि तिच्या जावेला दाखवला. तिनेही उलटा केला आणि माझ्या हातात परत ठेवला. आता आमच्या गल्लीत कोणतीही वस्तू कोणी आधी उलटीच करून बघतं.

विहारात दोन सेट द्यायला नेले. भंतेजी म्हणाले, "बाई, आमच्याकडे टेबल नाही." मग गोळा बराच वेळ हातात फिरवून पाहिला, आत काही आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, बुडबुडा आहे. ते म्हणाले, बरोबर, आणि परत दिला.

२१ ऑक्टोबर, रविवार.

टेम्पो आला. गादी, कपाट, मनालीची ठोकायची हत्यारं, एका फुलाची फुलदाणी. ती मी मागितली नाही. मनालीनेच वळून बघितलं आणि ठेवून गेली. मग परत येऊन तिच्यात दारचं एक चाफ्याचं फूल ठेवलं.

मी रडले नाही. टेम्पोचा धूर फार होता, टेम्पो सुरू व्हायच्या आधीपासूनच.

निघताना टेम्पोवाल्याला पावतीवर सही पाहिजे होती. विनोद म्हणाला, "आई, पेन?" दोरी दारापर्यंत पोहोचत नव्हती. मी स्वतःच कात्रीने कापली. तीन महिन्यांची साधना अशी दिसून येते.

विनोद पाया पडला. म्हणाला, "फोन करजो वं. स्पीकरवर नको." आणि हसला. कितीतरी दिवसांनी.

२४ ऑक्टोबर, बुधवार. आश्विन पौर्णिमा. रात्री.

वर्षावास संपला. विहारात खीरदान झालं. पंखा आज मी बंद केला नाही. थंडी पडायला लागली, कोणी लावलाच नव्हता. नाव दिसत होतं सगळ्यांना. मी बघितलं नाही. एकदाच बघितलं.

संकल्पांचा आढावा. आसक्ती, नाही. नावाची हाव, नाही. सुनेच्या कामात बोट, आता काम इथे नाहीच, त्यामुळे नाही. तिन्ही पार पडले.

सेट चाळीसही घरात आहेत. खाटेखाली, माळ्यावर, गुंडाशेजारी. एक कॅलेंडरखाली मांडून ठेवला, चकचकीत. बारा भोकं. खिळ्याला दोरी लोंबते आहे. पेन विनोदच्या खिशात राहून गेला, नाकाडोंगरीला.

हे यांच्या कोड्याच्या पेन्सिलीने लिहिते आहे. टोक बोथट झालंय.